लॅपटॉपमागचं स्टूल

क्षितिजाचा निकाल शाळेच्या ॲपवर आला तेव्हा मेधा मेथी निवडत होती. निकालात नापास हा शब्द नव्हता. अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा असले उघडेवाघडे शब्द वापरत नाहीत. तिथं एवढंच लिहिलं होतं, की अकरावीच्या अल्जेब्राचं क्रेडिट मिळालेलं नाही, आणि ते उन्हाळ्याच्या सुट्टीत भरून काढता येईल. त्यासाठी दोन वाटा होत्या. रोज सकाळी शाळेत जाऊन वर्गात शिकायचं, नाहीतर घरी बसून ऑनलाइन कोर्स करायचा आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर परीक्षा द्यायची. क्रेडिट भरून निघालं तर बारावी, नाहीतर शाळा क्षितिजाला ठेवणार नव्हती.

संध्याकाळी सुधीर बँकेतून आला आणि बुटाच्या नाड्या सोडता सोडताच त्यानं फैसला करून टाकला.

"हे बघ मेधा, ही शेवटची संधी. जमलं तर ठीक. नाहीतर मी भाऊला फोन करायलो. लातूरला हॉस्टेलवर राहील, दोन वर्षं क्लास करील, आपोआप सरळ होईल."

भाऊ म्हणजे सुधीरचा थोरला भाऊ. लातुरात त्याचं मुलींचं हॉस्टेल होतं. तिथं खिडक्यांना जाळ्या होत्या, आल्या आल्या फोन जमा करून घेत आणि पहाटे घंटा होई. बाहेरच्यांना त्याचं केवढं कौतुक! मेधानं मात्र ते हॉस्टेल आतून पाहिलं होतं. लग्नाआधी ती जवळच्याच क्लासमध्ये गणित शिकवायची आणि मुलींच्या शंका सोडवायला हॉस्टेलवर जायची. तिथल्या मुली जेवतानाही सूत्रं पुटपुटत. एक मुलगी तर हळूहळू बोलायचीच थांबली. काही विचारलं की नुसती तोंडाकडे बघत बसायची. शेवटी घरचे येऊन तिला घेऊन गेले. आपलं लेकरू तिथं पाठवायचं नाही, हे मेधानं सुधीरचं बोलणं ऐकता ऐकताच ठरवलं. निवडायला घेतलेली मेथी तशीच पडून राहिली.

राहता राहिला वाट निवडण्याचा प्रश्न. तो तिनं क्षितिजाला विचारला, पण विचारायचा म्हणून.

"आई, आय वॉन्ट टू गो टू द क्लास," क्षितिजा म्हणाली. "अदिबा पण जातीये."

अदिबा ही समोरच्या फ्लॅटमधल्या शरीफाची मुलगी. तीही त्याच विषयात आपटली होती.

"या उन्हात? बसची वाट बघत उभी राहशील तर भाजून निघशील. आणि तिथं फळ्यापाशी उभं केलं तर काय लिहिशील?"

"आय डोन्ट नो. मे बी आय विल लर्न?"

मेधाला हसू आलं. वाईट हेतूनं नव्हे, पण हसली खरी. क्षितिजानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि 'ओके' म्हणून खोलीत गेली. मेधानं त्याच संध्याकाळी ऑनलाइनच्या चौकोनात खूण करून टाकली.

या घरात ऑनलाइन म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कोरोनात कुवेतच्या शाळा बंद पडल्या तेव्हा क्षितिजा साताठ वर्षांची नव्हती, चांगली सहावीत होती, तरी स्क्रीनवर बाईंनी प्रश्न विचारला की तिची बोबडी वळायची. तेव्हा मेधानं स्वयंपाकघरातलं बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल आणून लॅपटॉपच्या मागे ठेवलं आणि त्यावर ठाण मांडलं. पर्यायातून उत्तर निवडायचं असलं की ती खूण करायची. नाकाला हात म्हणजे ए, कान म्हणजे बी, गळा म्हणजे सी, केस म्हणजे डी. खरं की खोटं एवढंच विचारलं असेल तर नाक म्हणजे खरं, कान म्हणजे खोटं. बाकीचं ती पांढऱ्या पाटीवर लिहून दाखवी. आता म्हणाल, हे चूकच. चूक तर होतंच, पण अबू हलीफाच्या त्या इमारतीत घरोघरी तेच चालायचं. कुणाची आई टेबलाखाली असायची, कुणाचा बाप पडद्यामागे. आया जिन्यात भेटल्या की हसून एकमेकींना विचारायच्या, "काल पेपर कसा गेला तुम्हाला?"

शाळा उघडल्या, तशा बाकीच्या आया स्टुलावरून उठल्या. मेधाला उठणं जमलं नाही. शाळेतल्या परीक्षेत तिला बसता येईना, पण घरचा अभ्यास, प्रोजेक्ट, निबंध, सगळं तिच्याच हातचं. इंडियन शाळेतल्या बाईंना संशय येऊ लागला, तेव्हा तिनंच हट्टानं क्षितिजाला या अमेरिकन शाळेत घातलं. इथं घरून करून आणायच्या कामाला जास्त मार्क होते. मेधाचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, बावीस नंबरचा, नवऱ्याच्या जिवावर राहणारीचा. त्यावर नोकरी करता येत नाही. लातुरात सत्तर पोरींचा वर्ग एका खडूवर हलवणारी बाई इथं एकाच विद्यार्थिनीची मास्तरीण होऊन बसली होती. ती विद्यार्थिनी हातची जाऊ नये, असंही तिला आतून वाटत असणार. आपल्याला असं वाटतं, हे तिनं कधी तपासून पाहिलं नाही.

कोर्स सुरू झाला आणि स्टूल पुन्हा जागेवर आलं. फरक इतकाच, की या खेपेस कॅमेरा हुशार होता. विद्यार्थ्याचे डोळे इकडेतिकडे गेले की स्क्रीनवर लाल पट्टी यायची. पण क्षितिजा त्याहून तयार निघाली. नजर न हलवता, मान न वळवता तिला आईचा हात दिसायचा. चेहरा स्क्रीनकडे, पापणी लवत नाही, आणि मेधाचं बोट कानाला लागायच्या आत बी वर टिचकी पडलेली. पहिल्या दिवशी मेधाला त्याचं कौतुक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तिला त्या न हलणाऱ्या डोळ्यांची थोडी भीती वाटू लागली. तिनं ती बोलून दाखवली नाही.

मार्क मात्र धो धो येत होते. सुधीरनं ॲप उघडून पाहिलं आणि कुनाफा, ती चीजची अरबी मिठाई, घेऊन आला.

"बघ, म्हणलो होतो की नाही? हॉस्टेलचं नाव काढलं की लेकरं कशी अभ्यास करायलीत! खा गं, क्षितू. आवडतो ना तुला?"

क्षितिजानं बापाकडे पाहिलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. मेधा गालावर आलेली बट मागे सारत होती.

क्षितिजाचा चमचा हवेतच राहिला. केस म्हणजे डी, आणि या प्रश्नाला डी नव्हता. ती चमचा धरून तशीच बसून राहिली. सुधीर फोनमध्ये बघत होता, त्याच्या काही लक्षात आलं नाही. मेधाच्या लक्षात आलं. तिनं पटकन 'खा बाळ' म्हणून विषय संपवला आणि पाणी आणायला उठली.

त्यानंतर तिला ते जागोजागी दिसायला लागलं. खाली बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, ज्यूस घ्यायला दोघी गेल्या. क्षितिजा फ्रीजचं दार उघडून उभी राहिली. थंड वाफ बाहेर येत होती, दुकानदार "सक्कर, सक्कर" म्हणत दार लावायला सांगत होता, आणि ही मान न वळवता काचेतल्या आईच्या प्रतिबिंबाकडे बघत होती. मेधाचं नाक धुळीनं चुरचुरत होतं. ती नाक चोळायला गेली, आणि क्षितिजानं डावीकडची पहिली बाटली उचलली. पेरूचा रस. पेरूचा वास तिला लहानपणापासून सोसत नाही. घरी येऊन तिनं तो सगळा प्यायला.

"आवडला?" मेधानं विचारलं.

क्षितिजा वाट बघत राहिली. मेधानं दोन्ही हात ओट्यावर दाबून धरले. मग विचारलंच नाही असं दाखवून ती भांडी घासायला लागली.

त्या आठवड्यात जिन्यात शरीफा भेटली. दापोलीकडची बाई, बोलायला मोकळी. जाब्रियातल्या एका क्लिनिकात ती रिसेप्शनवर बसायची.

"आमची अदिबा रोज रडत येते बघा," ती सांगू लागली. "सर फल्याजवल उभी करतात, येत नाय ते सगल्यांसमोर बोलायला लावतात. काल तर माझ्यावर ओरडली, बोलते, मम्मी, तू मधी बोलू नको, माझं मी बघीन! तोंड बघा कसं चालतं तिचं. तुमची क्षितिजा किती शांत. आवाजसुद्धा येत नाय हो तिचा."

मेधा हसली. घरात येऊन तिनं दार लावलं आणि क्षितिजा आपल्यावर शेवटची कधी ओरडली होती, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

तिनं ठरवलं, आज मुलीला एकटीला सोडायचं. सरावाची चाचणी होती, मार्क धरणार नव्हते. "मी जरा आडवी होते, तू सोडव," म्हणून ती बाहेरच्या खोलीत जाऊन सोफ्यावर पडली. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं ती दबकत आत गेली. क्षितिजा खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर. स्क्रीनवर वेळ संपल्याची पाटी होती आणि मागे पहिलाच प्रश्न, कोरा. तिची नजर रिकाम्या स्टुलावर होती. ती रडत नव्हती, घाबरलेलीही दिसत नव्हती. लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसासारखी ती नुसती बसली होती.

"अगं, एक तरी सोडवायचं होतंस! हे तर तुला येतं, नववीतलं आहे!"

"तू नव्हतीस," क्षितिजा म्हणाली. तक्रार म्हणून नाही. का केलं नाही, त्याचं ते साधं कारण होतं.

 मेधानं लगेच शाळेत फोन लावला, वर्गात अजून घेता येईल का म्हणून विचारलं. बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की वर्ग अर्ध्यावर आलाय, आता प्रवेश नाही, आणि काळजी कशाला करता, ऑनलाइनला तुमच्या मुलीचे मार्क तर सर्वांत उत्तम आहेत.

एकदा दुपारी क्षितिजाच्या पोटात दुखू लागलं. ते तिनं सांगितलं नव्हतंच. ती वाकून चालत होती, म्हणून मेधाला कळलं. शरीफाच्या ओळखीनं जाब्रियाच्या क्लिनिकात लगेच नंबर लागला. डॉक्टर केरळच्या, वयस्क, मायाळू. पोटावर हात ठेवून त्यांनी हिंदीत विचारलं, "बेटा, दर्द यहाँ है, या यहाँ?"

क्षितिजानं टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आईकडे पाहिलं.

"मम्मी को नहीं, मुझे बताओ. यहाँ? या यहाँ?"

क्षितिजाचे डोळे मेधाच्या हातांवर होते. दुखत तर होतं. कपाळावर घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते. कुठं दुखतंय ते मात्र तिला आईकडून हवं होतं. मेधानं पर्स छातीशी धरली आणि हात तिच्याखाली लपवले. डॉक्टरांनी चष्म्यावरून एकदा मुलीकडे पाहिलं, मग आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. औषध लिहून दिलं. जाताना म्हणाल्या, "घर में इससे बात करते हैं न आप लोग?"

टॅक्सीत मेधाला रडू आवरेना. आपण काय करून बसलो! हॉस्टेलमधली ती मुलगी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. जाळ्यांमागची, नुसती तोंडाकडे बघत बसणारी. आणि एवढं कळूनही, माणसाचं मन बघा, टॅक्सी अबू हलीफाच्या वळणाला लागेपर्यंत तिनं स्वतःची समजूत घातली. एवढी परीक्षा होऊन जाऊ दे. क्रेडिट हातात पडू दे. मग स्टूल फेकून देऊ. आता मध्येच हात काढला तर पोर थेट लातूरला जाईल, मग तर संपलंच.

परीक्षेची तयारी मेधानं जय्यत केली. शेवटच्या परीक्षेला समोर जिवंत माणूस असणार होतं. परदेशात कुठंतरी बसलेली एक परीक्षक बाई. ती आधी लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवायला लावणार, मगच पेपर उघडणार. मेधानं त्याची तालीम घेतली. क्षितिजा लॅपटॉप घेऊन गोल फिरेल, मेधा अनवाणी पायांनी तिच्या पाठीमागून तशीच फिरेल. स्टूल आधी कपाटात, नंतर हळूच जागेवर. तोंडी काय विचारतील याचेही प्रश्न तिनं काढून ठेवले. नाव काय, शाळा कोणती, हे समीकरण कसं सोडवलंस, तेच सूत्र का वापरलंस. सगळी उत्तरं क्षितिजाला पाठ झाली. सुधीरनं परीक्षेच्या दिवशी मुद्दाम फोन केला, "बेस्ट ऑफ लक, बेटा," म्हणाला. क्षितिजानं फोन कानाला धरून आईकडे पाहिलं. मेधानं नाकाला हात लावला, तेव्हा ती 'थँक्यू, बाबा' म्हणाली.

बाहेर धुळीचं वादळ होतं. भर दुपारी खिडकीतला उजेड तांबूस झाला होता आणि समुद्र दिसत नव्हता. स्क्रीनवर परीक्षक बाई आल्या. तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, मग खोली दाखवायला सांगितली. क्षितिजा फिरली. मेधा तिच्या पाठीला पाठ लावल्यासारखी फिरली, श्वास रोखून, साडीचा पदर कमरेला खोचून. पलंग, कपाट, दार, खिडकी, सगळं रिकामं दिसलं. लॅपटॉप टेबलावर आला. मेधानं स्टूल टेकवलं, बसली, पाटी मांडीवर घेतली. जमलं होतं.

"थँक्यू, क्षितिजा," बाई इंग्रजीतून म्हणाल्या. "सुरू करण्याआधी एकच प्रश्न, सगळ्यांना विचारावा लागतो. तू खोलीत एकटीच आहेस ना?"

हा प्रश्न मेधानं काढून ठेवला नव्हता. इतका साधा, की तो प्रश्न आहे हेच तिला सुचलं नव्हतं.



मेधाला आधी वाटलं, पोर खोटं बोलायला कचरतेय. तिनं मान वर केली. क्षितिजाच्या चेहऱ्यावर कचरणं नव्हतं, भीती नव्हती, अपराधीपणही नव्हतं. ती खुणेची वाट बघत होती. आपण एकटी आहोत की नाही, हे तिला आईनं सांगायला हवं होतं.

नाकाला बोट लावलं असतं तर सगळं पार पडलं असतं. क्षितिजा 'येस' म्हणाली असती, पेपर उघडला असता, उत्तरं लिहायला पाटी मेधाच्या मांडीवर तयारच होती. क्रेडिट, बारावी, लातूर टळलं. हात अर्ध्यावर गेलाही. मेधाला स्वतःचंच बोट नाकापाशी येताना दिसलं, आणि पोरीचे ओठ त्या बोटाबरोबर उघडताना दिसले.

"क्षितिजा? इज समवन देअर विथ यू?"

तिचे ओठ तसेच अर्धे उघडे होते. मेधानं हात खाली घेतला. पाटी मांडीवरून घसरून फरशीवर पडली, त्याचा आवाज झाला. बाईंचं हसू गेलं.

मेधा उठली. टेबलाला वळसा घालून ती क्षितिजाच्या खुर्चीमागे आली, तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात तिला तिचं स्वतःचं तोंड दिसलं. लेकीच्या डोक्यावर, सावलीसारखं. पहिल्यांदाच त्या चौकटीत दोघी दिसत होत्या.

"आय ॲम हर मदर," ती म्हणाली. "आय वॉज हिअर. ऑल द टाइम."

बाईंनी काहीतरी सांगितलं. नियम, अहवाल, खेद. मग स्क्रीन काळी झाली. सुधीरला काय सांगायचं, भाऊच्या हॉस्टेलचं काय होणार, ते सगळं संध्याकाळी दारात येऊन उभं राहणारच होतं. त्या घडीला मेधाला त्याची पर्वा वाटली नाही. तिनं क्षितिजाची खुर्ची स्वतःकडे वळवली आणि तिच्यासमोर फरशीवर बसली.

"झालं, लेकरा. संपलं सगळं. आता मी नाही सांगणार काही. सांग बरं, तुला काय करायचंय?"

क्षितिजा बघत राहिली.

"वर्गात जायचं म्हणाली होतीस ना तू? मीच ऐकलं नाही. मी हसले तुला." मेधाचा आवाज फाटला. "रागावलीस ना माझ्यावर? ओरड ना. ओरड माझ्यावर, क्षितू. एकदा तरी ओरड."

क्षितिजाची नजर आईच्या नाकावर गेली, तिथून कानावर, पुन्हा नाकावर. हो की नाही, एवढंच तर होतं. चेहरा शांत होता, पापणी लवत नव्हती.

मेधानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं. बाहेर वारा खिडकीच्या काचेवर धूळ फेकत होता. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं आणि नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबकळू लागलं. नाक हुळहुळू लागलं, पुसावंसं वाटू लागलं. तिनं हात सोडले नाहीत. समोर तिची मुलगी ओठ अर्धे उघडून वाट बघत बसली होती.